अकरा टक्के

पाथर्डी फाट्यावर अकरा टक्के उरले
आणि पिशवीत अजून दोन पार्सलं:
एक इंदिरानगरचं, एक थेट म्हसरूळचं.
स्क्रीनवरचा आकडा मी तसा बघते
जशी आई महिनाअखेरीला
गॅसची टाकी हलवून बघायची.

पेट्रोलची होती तेव्हा काटा खोटं बोलायचा.
लाल रेघेखाली गेल्यावरही
गाडी जरा आडवी केली, चोक ओढला,
की दोन-तीन किलोमीटर उसने मिळायचे.
ही उधार देत नाही.

एक तारखेपासून सगळा ताफा विजेचा, कंपनी म्हणाली.
हॉलमध्ये बोलावून ढोकळा दिला,
हिरवे टी-शर्ट दिले, सगळे एकाच मापाचे.
"पेट्रोलचे रोजचे दोनशे वाचतील," साहेब म्हणाले.
वाचले. खरंच वाचले.
मग गाडीचं भाडं म्हणून रोजचे एकशे साठ कापले गेले.
उरलेल्या चाळिसांना मी नावं ठेवत नाही.
कार्तिकीचा चित्रकलेचा क्लास
त्यांच्यावरच चालू आहे.

कौतिकभाऊ बोरस्त्यांच्या गॅरेजवरून जाताना
आता मुद्दाम हॉर्न देते.
पूर्वी लागायचा नाही.
मी नाक्यावर असतानाच ते ओरडायचे,
"टॅपेट वाजतंय, आण इकडं!"
बारा वर्षं माझी गाडी त्यांनी कानानं तपासली.
परवा हिच्याभोवती एक फेरी मारली,
खाली वाकले, हात कुठं घालावा ते शोधलं,
आणि फडक्यानं आरसा तेवढा पुसून दिला.
पैसे घेतले नाहीत.

मी मात्र हिला आतून ओळखते.
अंबडच्या शेडमध्ये सात वर्षं मी मोटरींची कॉइल भरली.
किती वेढे झाले ते बोटं मोजायची,
डोकं संध्याकाळच्या भाजीत.
वेढा चुकला की मोटर कण्हायची, तापायची,
आणि पगारातून वीस रुपये जायचे.
शेड बंद झाली.
बोटांना कुणी कळवलं नाही.
टीव्ही बघताना ती अजून
ओढणीचा धागा गुंडाळत बसतात.

हिच्या मागच्या चाकात तेच तांबं आहे.
यंत्रानं भरलं असेल, किंवा लांबच्या कुठल्या बाईनं.
चढावर ते बारीक गुणगुणायला लागतं
तेव्हा मी पुटपुटते,
एखादा वेढा ढिला बसलाय गं.
असू दे. वीस रुपये कुणाचे कापू नका.

इंदिरानगरचं दिलं. सात टक्के.
द्वारकेला सिग्नल तीनदा सुटला तरी आम्ही तिथंच.
पंचवटीतल्या गल्लीत एक पोरगा
आभाळात नजर लावून, मांजा ओढत,
उलट्या पावलांनी माझ्याकडं येत होता.
हॉर्न दिला तर दचकून पडेल.
मग मीच तोंडानं आवाज काढला, फुर्रर्र...
लहानपणी टायर पळवताना काढायचे, तसा.
तो हसला. मीही.
पतंग मात्र गेला.

दिंडोरी नाक्यावर गिरणीशेजारी बॅटऱ्यांचं कपाट.
सगळे दिवे लाल. थांबा.
पंपावर कुणाला कुणाचं नाव माहीत नव्हतं,
इथं पायरीवर बसून सगळ्यांची कळली:
रेहान, सोपान, आणि ती गप्प राहणारी यामिनी,
जी प्रत्येकाच्या चहाचे सुटे पैसे बरोबर काढते.
फोन वाजला, म्हसरूळचा.
"निघालात का? गाडीचा आवाज तर येत नाही."
म्हटलं, "तो यायचा नाही, ताई. दारच उघडं ठेवा."

एक दिवा हिरवा झाला.
जुनी काढली, कोमट होती,
दळणाच्या डब्यासारखी कमरेवर घेऊन
खणात सरकवली. नवी बसवली.
वर पिठाचा पातळ थर, बोटाची रेघ उमटेल एवढा.

अठ्ठ्याण्णव.
शंभर कधीच दाखवत नाही.
ते दोन टक्के कोण कापतं,
कंपनीला एकदा विचारायला हवं.